गाणं पाहिजे, गाण्याचे सर नकोत

सकाळी 6

जानेवारीतल्या दवानं तबल्याची पुडी उतरते. ऊन यायला अजून वेळ असतो, म्हणून हातोडीनं गठ्ठे ठोकून काम भागवतो. दहावीतल्या दोन मुली ओट्यावर येऊन बसलेल्या असतात. दोघीही गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत आल्या आहेत, त्यामुळे दहावीच्या निकालात त्यांना वाढीव गुण मिळतील. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, लोककला, चित्रकला यांना राज्य मंडळ असे गुण देतं. प्रस्ताव शाळेमार्फत जातो. सोय चांगली आहे, माझं काही म्हणणं नाही. पण शाळेत गाणं शिकवणारंच कुणी नसेल तर हे गुण कुणाच्या वाट्याला जातील? खासगी शिकवणी ज्यांना परवडते त्यांच्या. एकीचे वडील बँकेत आहेत, दुसरीची आई शिक्षिका. बंजारा तांड्यावरचं एकही लेकरू या वेळी माझ्या ओट्यावर नसतं.

सकाळी 10.30

सायकलच्या कॅरियरवर पेटी बांधून शाळेत पोचतो. शाळेचीही एक पेटी आहे, पण तिचा भाता फाटलाय. दुरुस्तीचा खर्च ‘सादिलमध्ये (किरकोळ खर्चात) बसत नाही’, असं बाबू दरवर्षी सांगतात.

मी तासिकेवरचा माणूस. माझ्याआधी इथं संगीताचे पूर्णवेळ सर होते. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या मागोमाग पदही गेलं. पुढं संस्थेनं मला तासाच्या हिशेबानं ठेवलं. आता जूनपासून तेही बंद, असं दिवाळीनंतर कानावर आलं. लेखी काही नाही. तासिकेवरच्या माणसाला काढायला कागद लागत नाही.

सकाळी 10.45, परिपाठ

राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार. 19 फेब्रुवारी 2023 पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे आपलं राज्यगीत झालं. राजा बढे आपल्या विदर्भाचेच, नागपूरचे. चाल श्रीनिवास खळे यांची आणि आवाज शाहीर साबळे यांचा. राज्यगीत म्हणून त्यातली दोनच कडवी घेतलीत, 1 मिनिट 41 सेकंदांची. शाळेत परिपाठात ते म्हणावं किंवा वाजवावं, असं शासनानं सांगितलंय. मला ते मनापासून आवडतं.

मी नसलो की ते मोबाइलवरून लाऊडस्पीकरला जोडून वाजवतात. तेव्हा काय होतं, ते एकदा मैदानात उभं राहून ऐकावं. शाहिरांचा आवाज खडा, पट्टी मोठ्या माणसाची. पाचवी-सहावीच्या लेकरांचा गळा त्याहून बराच वर असतो. स्पीकरबरोबर गायला गेलं की खालचे सूर त्यांच्या घशात बसत नाहीत, आणि वरच्या सप्तकात जावं तर तिथं पोचत नाहीत. मग निम्मी पोरं ओठ हलवतात आणि उरलेली ओरडतात. मागच्या रांगेतून कुणीतरी बेंबीच्या देठापासून शेवटचा शब्द फेकतो, आणि मास्तरांना वाटतं, वा, काय जोश आहे!

पेटी असली की मी काळी चार धरतो. कधी काळी पाच, थंडी फार असली तर अर्धा सूर खाली. त्याच लेकरांचा आवाज मग एकत्र येतो, मोकळा निघतो. यात माझं कर्तृत्व शून्य आहे. मुलांच्या गळ्याला कुठला सूर झेपतो हे ज्याला कळतं असा एक माणूस समोर लागतो, एवढंच. मोबाइलला ते कळत नाही.

सकाळी 11.30, सहावी

वर्गात पेटी उघडली की पहिली दहा मिनिटं नुसता ‘सा’. मग सरगम. आज केरवा शिकवायचा होता. आठ मात्रा फळ्यावर लिहिल्या, टाळ्या दाखवल्या. अर्धा वर्ग चुकत होता. शेवटच्या बाकावर तांड्यावरचा एक मुलगा बसतो. गणिताच्या तासाला तो वर्गात असून नसल्यासारखा. तो बाकावर बोटांनी काहीतरी वाजवत होता.

“काय रे, काय वाजवून रायला?”

“काही नाही सर.”

“मोठ्यानं वाजव.”

त्यानं बाकावर दोन्ही हातांनी ठेका धरला. लेंगीचा होता, होळीत तांड्यावर फेर धरून गातात तेव्हाचा. त्यात आठ मात्रा नीट बसत होत्या, फक्त जोर भलत्याच ठिकाणी होता, आणि तोच त्याचा ठसका. मी त्याला पुढं बोलावलं. त्यानं वाजवायचं आणि वर्गानं टाळ्या द्यायच्या. पाच मिनिटांत सगळा वर्ग केरव्यात आला. फळ्यावरच्या आकड्यांनी जे जमलं नव्हतं ते त्याच्या तळहातांनी जमवलं.

आमच्या दिग्रसहून पोहरादेवी जवळ आहे. तिथं बंजारा समाजाचं मोठं संग्रहालय नगाऱ्याच्या आकारात उभं राहिलंय. 5 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. झालं ते बरंच झालं. पण जिवंत नगारा या शेवटच्या बाकावर बसलाय, आणि त्याच्यासाठी आठवड्याला दोन तास देणारं पद शासनाला परवडत नाही. हा हिशेब मला काही केल्या लागत नाही.

दुपारी 1, हेडसरांची खोली

हेडसर माणूस चांगला. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. संचमान्यता.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. 30 सप्टेंबरला शाळेत किती मुलं आहेत, त्यातल्या किती जणांचं आधार जुळतंय, त्यावरून शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. पट घटला की पद घटतं, आणि जो उरतो तो ‘अतिरिक्त’. 28 ऑगस्ट 2015 च्या शासन निर्णयानं पदांचे निकष बदलले. त्याच वर्षी कला, क्रीडा, कार्यानुभव यांच्यासाठी ‘अतिथी निदेशक’ नेमायची वाट काढली गेली. म्हणजे पूर्ण पगाराचा शिक्षक नाही, तासावर मानधन. त्याआधी सर्व शिक्षा अभियानात अंशकालीन निदेशक नेमले होते. तेही वर्षावर्षाच्या करारावर, आणि त्यांना हक्कासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. 2017 मध्ये वेळापत्रकातल्या कला-क्रीडेच्या तासिकांवरच कात्री चालली, तेव्हा राज्यभर शिक्षकांनी ओरड केली. तासिका कमी, म्हणून कार्यभार कमी. कार्यभार कमी, म्हणून पद नाही. पद नाही, म्हणून तासिका कोण घेणार?

हेडसर म्हणाले, “सर, मी तुमच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. पण माझ्याकडं गणिताचं एक पद रिकामं आहे. आठवीच्या पोरांना भागाकार येत नाही. संस्थेकडं पैसा एकाचाच आहे. सांगा, कोणाला ठेवू?”

याला उत्तर द्यायला मी अडखळलो, ते कबूल करतो. भागाकार आलाच पाहिजे. पण गणिताच्या सरांची रिकामी जागा भरायची जबाबदारी शासनाची. ती त्यानं टाळली आणि भांडण लावलं गणिताचं नि गाण्याचं. हेडसरांशी माझं भांडण नाही. दोघंही एकाच चटईवर बसलोय, आणि चटई मुळातच तोकडी आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की, सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. कायदा 2009 चा. 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणतं, अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंतच नको. केंद्र सरकारच्या नवोदय आणि केंद्रीय विद्यालयांत संगीत शिक्षकाचं पद असतं, ते भरण्यासाठी रीतसर जाहिरात निघते. आपल्याच जिल्ह्यातल्या नवोदयच्या मुलांना जे मिळतं ते दिग्रसच्या मुलांना का नाही? प्रवेश परीक्षेत दोन गुण कमी पडले म्हणून?

दुपारी 2, मधली सुट्टी

खिचडीच्या रांगेत एक मॅडम भेटल्या. आता सगळ्यांनीच कला-समावेशित अध्यापन करायचं आहे, असं प्रशिक्षणात सांगितलंय म्हणे. भूगोल गाण्यातून, विज्ञान नाटकातून. “सर, मले गाता येत नाही हो,” त्या हसून म्हणाल्या. कल्पना वाईट नाही, त्यासाठी त्यांनी मेहनतही घेतली. पण त्यांना सूर लावून द्यायला शाळेत कुणी असलं तरच ते जमेल ना.

दुपारी 2.45, आठवी, समूहगीत

26 जानेवारी तोंडावर. आता मला सगळे शोधतात. स्वागतगीत बसवा, देशभक्तिगीत बसवा, पाहुण्यांसमोर काहीतरी ‘दणदणीत’ होऊ द्या. गॅदरिंगच्या महिन्यात माझ्याइतका गरजेचा माणूस शाळेत दुसरा नसतो. फेब्रुवारी लागला की नमस्काराला मान हलवतात.

आठवीच्या मुलांचे आवाज फुटताहेत. एक मुलगा, सातवीत काय गायचा! आता वरच्या गंधाराला गेला की आवाज चिरकतो आणि मुली हसतात. तो मागं सरकतो, म्हणतो, मी ढोलकी वाजवतो सर. अशा वेळी त्याला सांगावं लागतं की हे सगळ्यांचं होतं, सहा-आठ महिने दम धर, तोवर खालचा षड्ज धरून उभा राहा. मी त्याच्यासाठी आधारसूर लावून दिला. समूहगीताला खालून धरणारा एक आवाज लागतोच. आज तो पुढच्या रांगेत उभा राहिला. कुणी हे सांगितलं नाही तर मुलगा ठरवून टाकतो की आपला गळा गेला, आणि आयुष्यात पुन्हा गात नाही. अशी कितीतरी माणसं गावात भेटतात.

हंगेरीत झोल्तान कोदाय नावाचे संगीतकार होते. त्यांचा आग्रह असा की शाळेत आधी गळा, मग वाद्य, कारण गळा प्रत्येकाकडं असतो. 1950 साली केचकेमेत या गावात रोज गायन शिकवणारी प्राथमिक शाळा त्यांच्या प्रेरणेनं सुरू झाली. आपल्याकडं तर त्याच्याही आधी, 1886 ला, सयाजीराव महाराजांनी बडोद्यात गायनशाळा काढली. 1901 ला विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं, ते गाणं चार दरबारांतून बाहेर काढून सामान्य घरांत नेण्यासाठीच. सव्वाशे वर्षांनी आपण ते पुन्हा फी भरणाऱ्यांच्या घरात नेऊन ठेवतोय.

दुपारी 4.15

तालुक्यातले आम्ही कला, क्रीडा, संगीताचे काही जण निवेदन द्यायला गेलो. कार्यालयात चहा मिळाला, आवक क्रमांक मिळाला. साहेब म्हणाले, “तुमचं बरोबर आहे, पण हे मंत्रालयातून होते.” पोच घेतली. क्रीडाचे सर बाहेर येऊन म्हणाले, “बरोबर आहे म्हनते सगळेच. चूक आहे म्हननारा एक भेटला असता तर भांडलो तरी असतो.”

सायंकाळी 6

पुन्हा ओटा. आता लहान मुलं येतात. काहींकडून पैसे घेतो, काहींकडून नाही. हिशेब महिन्याच्या शेवटी बायको करते आणि मला सांगत नाही.

रात्री 8.30

मंदिरात भजन. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनं विदर्भातल्या गावोगावी माणसं गायला लावली. मोझरीपासून इथपर्यंत भजनी मंडळं अजून टिकून आहेत. पण आज मंडळात पंचविशीच्या आतला एकही नव्हता. म्हातारे गात होते, तरुण मोबाइलवर रेकॉर्ड करत होते. एका आजोबांनी विचारलं, “शाळेत शिकवते ना पोट्ट्यायले?” म्हटलं, जूनपर्यंत तरी.

वाचकांपैकी ज्यांची मुलं आठवीपर्यंतच्या सरकारी शाळेत आहेत त्यांना एक विनंती आहे. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य महिला. शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार याच समितीला आहे. पुढच्या बैठकीला जा. पोषण आहार, शौचालय, संरक्षक भिंत यांच्याबरोबर ‘संगीत-कला निदेशक’ हीही मागणी आराखड्यात लिहायला लावा, त्याचा ठराव करा आणि एक प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवा. आमच्या निवेदनाला आवक क्रमांक मिळतो. पालकांचा ठराव बाजूला सारणं तितकं सोपं नसतं.