वाफेतून काचेवर

कॅडमियम टेल्युराइडच्या सौर पॅनेलमध्ये वीज निर्माण करणारा थर जेमतेम दोन-तीन मायक्रॉन जाडीचा असतो. सिलिकॉन प्रकाश सावकाश शोषतो, म्हणून त्याची चकती दीडशे मायक्रॉनच्या आसपास ठेवावी लागते. चीनने फेब्रुवारी 2025 मध्ये टेल्युरियमच्या निर्यातीवर नियंत्रण आणले, तेव्हापासून चर्चा फक्त खनिजाची होते. खरे सामर्थ्य मात्र हा थर काचेवर चढवण्याच्या रीतीत आहे.

कॅडमियम टेल्युराइड पुरेसे तापवले की ते कापरासारखे न वितळताच उडू लागते. वाफेत कॅडमियम आणि टेल्युरियम सुटे असतात; पाच-सहाशे अंश सेल्सिअसच्या काचेवर ते पुन्हा जुळतात. एखादे मूलद्रव्य जास्त झाले तर ते इतक्या उष्णतेत काचेवर टिकत नाही, निघून जाते. त्यामुळे प्रमाण आपोआप जवळजवळ एकास एक राहते. तांबे, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियमच्या थराला ही सोय नाही. तिथे प्रत्येकाचा वेग वेगळा सांभाळावा लागतो. शिवाय वाफेचा स्रोत आणि काच यांत काही मिलिमीटरचेच अंतर ठेवले, तर अतिउच्च निर्वाताची गरज उरत नाही. महागड्या पंपांचा खर्च इथेच वाचतो.

ही सोय कारखान्यात उतरवण्याचे श्रेय हॅरल्ड मॅकमास्टर यांना द्यायला हवे. ते अमेरिकेतील ओहायोचे, कडक काच बनवणाऱ्या यंत्रांतले जाणकार. आधी त्यांनी अस्फटिक सिलिकॉनचा प्रयत्न केला, तो सोडला आणि 1990 मध्ये ‘सोलर सेल्स इन्कॉर्पोरेटेड’ काढून कॅडमियम टेल्युराइडकडे वळले. तापलेली मोठी काच न थांबता पुढे कशी सरकवायची, हे काचवाल्यालाच ठाऊक असते. पुढे विकसित झालेल्या पद्धतीत वाहक वायू ही वाफ सरकत्या काचेवर सोडतो आणि थर मिनिटभराच्या आत बसतो. 1999 मध्ये हीच कंपनी ‘फर्स्ट सोलर’ झाली.

नुसता बसलेला थर मात्र कामाचा नसतो. त्यावर कॅडमियम क्लोराइड देऊन सुमारे 400 अंशांना तापवले की क्लोरीन स्फटिककणांच्या सीमांवर शिरतो, तिथले दोष निष्प्रभ होतात आणि कार्यक्षमता कित्येक पटींनी वाढते. साध्या क्षाराने साधलेला हा पालट या तंत्रातला सर्वांत विलक्षण टप्पा आहे.

‘फर्स्ट सोलर’चा वर्षाला 3.3 गिगावॉट क्षमतेचा कारखाना जानेवारी 2024 मध्ये चेन्नईजवळ सुरू झाला. तिथे लागणारे टेल्युरियम तांबे शुद्ध करताना उरणाऱ्या गाळातून मिळते. केंद्र सरकारच्या 2023 च्या महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत कॅडमियम आणि टेल्युरियम दोन्ही आहेत. नुसती यादी पुरेशी नाही. आपल्या तांबे शुद्धीकरण कारखान्यांतल्या गाळातून टेल्युरियम काढण्याला सरकारने आता प्राधान्य द्यायला हवे.