गझदरबंधचे पंप कोणत्या पद्धतीने चालवावेत?

मुंबईत खारदांड्याजवळच्या गझदरबंध उदंचन केंद्रात सहा पंप आहेत, प्रत्येकाची क्षमता सेकंदाला 6,000 लिटर. 26 जुलै 2005 च्या महापुरात सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि अशा केंद्रांची निकड सगळ्यांनाच पटली. गझदरबंध 2019 मध्ये सुरू झाले. मोठ्या भरतीला दरवाजे बंद करायचे आणि वस्तीतले पाणी उपसून समुद्रात सोडायचे, हे त्याचे काम. अशा केंद्रांच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरविषयी मात्र चुकीच्या समजुती फार आहेत.

गैरसमज : रिअल-टाइम म्हणजे अतिवेगवान.
वेग दुय्यम आहे. ठरलेल्या मुदतीत दर वेळी उत्तर मिळणे महत्त्वाचे. भरती चढायला साधारण सहा तास लागतात, नाल्याची पातळी मिनिटांत वाढते. पीएलसीने, म्हणजे पंप चालवणाऱ्या नियंत्रण-संगणकाने, ती सेकंदाला एकदा वाचली तरी पुरते. मोटारीतला शॉर्टसर्किट मात्र मिलिसेकंदांत तोडावा लागतो. ते काम संरक्षक रिलेचे, सॉफ्टवेअरवर ते सोपवूच नये. या वेळा आधी कागदावर मांडल्या की पद्धतीची निम्मी निवड तिथेच होते.

गैरसमज : लॅडर जुनाट, नवी पद्धत सगळीकडे सरस.
पीएलसीच्या प्रोग्रॅमिंग भाषांच्या आयईसी 61131-3 या मानकात 1993 पासून लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट या भाषा शेजारी शेजारी नांदतात. पंपांचे इंटरलॉक (धोक्याच्या स्थितीत पंप चालू न देणाऱ्या अटी) लॅडरमध्येच ठेवावेत, कारण रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन ते वायरिंगच्या नकाशासारखे वाचतो. दरवाजाची गोष्ट वेगळी. उघडा, बंद होतोय, बंद, एवढ्या तीन अवस्था सगळ्यांना सुचतात. ‘अडकला’ ही चौथी राहून जाते. आपल्या नाल्यांत प्लास्टिक अडकणारच! म्हणून इथे अवस्था-आकृती हवी. डेव्हिड हॅरेल यांनी 1987 मध्ये तिला स्टेटचार्टचे नेटके रूप दिले. प्रत्येक अवस्थेत प्रत्येक संकेत आला तर काय करायचे, हे आखणाऱ्याला त्यात स्पष्ट मांडता येते. पंप चालू आणि बंद होण्याच्या पातळ्याही वेगळ्या ठेवायला हव्यात, नाहीतर लाटेगणिक पंप चालू-बंद होतो आणि मोटारीचे वाइंडिंग तापते.

गैरसमज : चाचणीत चालले, म्हणजे झाले.
1997 मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा संगणक पुन्हा पुन्हा आपोआप रीसेट होऊ लागला. कमी प्राधान्याच्या कामाने अत्यावश्यक काम अडवले होते. पृथ्वीवरच्या चाचण्यांतही असे रीसेट दिसले होते, पण त्यांचा छडा लागला नव्हता. मुसळधार पावसात पंपघरातही अनेक अलार्म एकदम वाजू लागतात, म्हणून सर्वांत वाईट क्षणाचा वेळ गणितानेच तपासावा. लिऊ आणि लेलँड यांनी 1973 मध्येच दाखवले, की ठरावीक अंतराने येणारी स्वतंत्र कामे नीट प्राधान्य देऊन चालवली आणि प्रोसेसरवरचा भार सुमारे 69 टक्क्यांच्या आत राहिला, तर एकही मुदत चुकत नाही.

निविदा काढणाऱ्यांनी पंपाच्या अश्वशक्तीबरोबर अवस्था-आकृती आणि कमाल प्रतिसादवेळेचा हिशेबही मागावा. तो देऊ न शकणाऱ्याला काम देऊ नये.