गॅलरीतल्या अननसाची तीन वर्षं

2024च्या जुलैत पुण्यात आमच्या गॅलरीतला अननस पिकला. बाजारातल्या फळाच्या जेमतेम निम्मा असेल, पण कापला तेव्हा वास जिन्यापर्यंत गेला. ज्या शेंड्यापासून तो झाला, तो 2021च्या पावसाळ्यात कुंडीत लावला होता. मधल्या काळाकडे आता पाहताना जाणवतं, की फळ फक्त शेवटच्या सहा महिन्यांचं. त्याआधीचा सगळा वेळ हे झाड पानं करत होतं, आणि फळ केवढं होणार हे त्या पानांवरच ठरत होतं.

सुरुवात शेंडा निवडण्यापासून. मधला पोंगा हलकेच ओढून पाहायचा; तो सहज उपटून हातात आला तर शेंडा आतून कुजलेला समजावा. चांगला शेंडा मुठीत धरून पिळला की फळापासून सुटतो. त्याला चिकटलेला गर पुरता काढून टाकायचा, कारण गोड ओला गर मातीत गेला की बुरशी धरते. मग खालची पानं एकेक करून सोलत जायची. हा भाग मला सगळ्यांत आवडतो. पानांच्या तळाशी, खोडाच्या कडेने तपकिरी ठिपके दिसू लागतात, आणि काही ठिपक्यांतून बारीक मुळ्या निघून खोडाला वेढून बसलेल्या असतात. मातीचा स्पर्श नाही, पाणी नाही, फळ हातगाडीवर उन्हात पडलेलं, आणि तरी शेंड्याची मुळांची तयारी झालेली! बोटभर खोड उघडं झालं की शेंडा सावलीत ठेवून काही दिवस वाळवायचा, तुटलेली जागा कोरडी पडली की लावायचा.

मातीचा विचार मात्र नीट करावा लागला. अननसाला आम्ल माती लागते, सामू 4.5 ते 6.5च्या दरम्यान. आमच्याकडची काळी माती चुनखडीची. कुडाळला मावशीच्या परसात गडग्याच्या कडेने अननस आहेत. तिथली जांभ्याची लाल माती गोणीतून आणली, तिच्यात वाळू आणि जुनं शेणखत मिसळलं. मी शेंडा लावणार म्हटल्यावर मावशी म्हणाली, "शेंडो लावलंस तर फळाची वाट बघूक लागतली. आमी फुटवेच लावतो." तिचं बरोबर होतं. फुटवा मुळातच जोरकस, तो दीडेक वर्षात फुलावर येतो. शेंड्याला दोन वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. पण शहरात फुटवा मिळतो कुठे? शेंडा मात्र प्रत्येक फळाबरोबर घरात येतो आणि ओल्या कचऱ्यात जातो.

पहिलं वर्ष असं, की बघणाऱ्याला काही घडतच नाही असं वाटावं. जुनी पानं टोकाकडून वाळली, मध्यातून नवी आली, बस. पुण्याच्या एप्रिलमध्येही झाडाने मान टाकली नाही, याचं कारण त्याच्या श्वासोच्छ्वासात आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्यात पाणी गमावतात. अननस ती छिद्रं मुख्यतः रात्री उघडतो, आलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात, दारं मिटून, त्याची साखर करतो. म्हणून पाणी थोडं पुरतं. तेही मुळांइतकंच पानांच्या बगलांत ओतावं. तिथे साठलेलं पाणी आणि त्यात विरघळलेलं खत झाड थेट शोषून घेतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात पानं पिवळट पडली. सोसायटीच्या बोअरचं पाणी जड. त्याने मातीचा आम्लपणा मारला, आणि मग मातीत असलेलं लोहसुद्धा मुळांना मिळेना. पाण्यात चिमूटभर हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, विरघळवून पानांवर फवारलं आणि हिरवा रंग परतला. हवाई बेटांवर विसाव्या शतकाच्या आरंभी मँगनीज फार असलेल्या जमिनींत अननस लोह न मिळून असेच पिवळे पडत, आणि तिथेही हाच उपाय लागू पडला होता.

या रिकाम्या वाटणाऱ्या काळात मी अननसाबद्दल बरंच वाचलं. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात तो आपल्या किनाऱ्यावर आला. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त त्याला प्रवासातला फणस म्हटलंय, कारण रोप भांड्यात लावून बरोबर नेलं तरी फळ देतं. म्हणजे कुंडीतला अननस ही शहरी हौस नव्हे, अकबराच्या काळापासूनची रीत आहे. जहांगीरने तर आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरवर्षी हजारो अननस होतात, असं आपल्या आठवणींत नोंदवलंय. थंड युरोपला मात्र एकेका फळासाठी काचघरं बांधावी लागली. ओकची साल कातडी कमावून झाल्यावर खड्ड्यात भरायची, ती कुजताना महिनोन् महिने ऊब देते. त्या उबेत कुंड्या पुरायच्या. लंडनजवळ रिचमंडला मॅथ्यू डेकर या व्यापाऱ्याच्या बागेत हेन्री टेलेंडे या माळ्याने असा अननस पिकवला. 1720 साली त्या अननसाचं चित्र काढून घेतलं गेलं, ते आजही केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे.

फूल लवकर आणण्याची युक्ती धुरातून सापडली. अझोरेस बेटांवरच्या काचघरांत धूर कोंडला आणि अननस एकदम फुलावर आले. धुरातला इथिलीन वायू हे काम करतो, हे नंतर कळलं. आज मोठ्या बागांत इथिलीन सोडणारं इथ्रेल हे औषध देतात, म्हणजे सगळी फळं एकाच वेळी तोडणीला येतात. घरी लोक पिकलेलं सफरचंद पोंग्यापाशी ठेवून झाडावर पिशवी बांधतात. त्या सफरचंदातूनही इथिलीनच निघतो. मी ते केलं नाही, आणि घरच्या एखाद्या झाडाला कुणी करू नये असं माझं मत आहे. पोंग्यात एकदा फुलाचा कोंब धरला की त्या झाडाची पानं वाढणं थांबतं. थोड्या पानांवर फूल आणलं तर फळ लिंबाएवढंही राहू शकतं. शेतकऱ्याला घाई परवडते, कारण तोही केव जातीला चाळीसेक पानं होईपर्यंत थांबूनच औषध देतो.

आमच्या झाडाला फुलावर आणण्याचं काम तिसऱ्या हिवाळ्यात थंड रात्री आणि आखूड दिवस यांनी आपोआप केलं. जानेवारीच्या शेवटी पोंग्याचा मध्य लालसर झाला, मग त्यातून गुलाबी कणीस वर आलं. फुलं निळसर जांभळी, खालून वर उमलत जाणारी. प्रत्येकाचं आयुष्य एका दिवसाचं. रोज सकाळी घरातलं प्रत्येक जण आधी गॅलरीत जायचं. शंभरावर फुलं, आणि प्रत्येक फुलाचा एक डोळा. ते सगळे एकमेकांत मिसळून एक फळ होतं. त्यासाठी परागीभवनही लागत नाही. उलट दुसऱ्या जातीचे पराग आणणारा पक्षी आला तर फळात बिया धरतात. म्हणूनच हवाईत हमिंगबर्ड आणायला बंदी आहे.

मग पुढे जुलैपर्यंत कळ काढणं अवघड होतं. पण तोडल्यावर अननस गोड होत नाही. केळ्यासारखा पिठाचा साठा त्याच्यात नसतो, सगळी साखर झाडाकडूनच यावी लागते. दूरच्या बाजारासाठी तो थोडा आधीच तोडावा लागतो. आमचा खालून अर्ध्यावर पिवळा होऊन घमघमेपर्यंत झाडावर राहिला, आणि ती गोडी मी आजवर विकतच्या फळात चाखलेली नाही.

फळ दिलेलं खोड पुन्हा फुलत नाही. त्याच्या बगलेतून फुटवे आले. एक तिथेच वाढू दिला, बाकीचे वाटले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फुटवा घेतानाच विचारलं, "अहो, याला सफरचंद कधी ठेवायचं?" म्हटलं, "काकू, आधी चाळीस पानं होऊ द्या. पुढचं थंडी बघून घेईल."