सीमाशुल्क अपवंचन
आयात मालाचे मूल्य, वर्गीकरण किंवा मूळ देश खोटा दाखवून देय शुल्क बुडविणे. चोरट्या आयातीत माल लपविला जातो. येथे माल उघडपणे येतो, खोटे असतात ते कागद. हा प्रकार बंदरांपुरता नाही. औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) माळीवाड्यास उभारलेल्या कंटेनर आगारासारख्या अंतर्देशीय ठिकाणीही तो संभवतो. पूर्ण शुल्क भरणाऱ्या कारखानदाराचा माल मात्र महाग ठरतो.

२०११ पासून शुल्काची आकारणी प्रथम आयातदार स्वतःच करतो आणि जोखमीनुसार निवडक खेपाच तपासल्या जातात. व्यापारास गती आली, तरी भिस्त नंतरच्या लेखापरीक्षेवर व महसूल गुप्तवार्ता संचालनालयावर (स्थापना १९५७) पडली. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम २८ नुसार हेतुपुरस्सर खोट्या निवेदनाबाबत पाच वर्षांपर्यंत मागणीची नोटीस देता येते. कलम ११४अ खाली बुडविलेल्या शुल्काइतका दंड होतो. शिक्षा सौम्य नाही. उणीव अधिकारक्षेत्राच्या शब्दांकनात होती. कॅनन इंडिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये संचालनालयाचे अधिकारी अशा नोटिशीसाठी ‘योग्य अधिकारी’ नाहीत असे ठरविले व अनेक प्रकरणे अडकली. २०२२ च्या वित्त अधिनियमाने कायदा दुरुस्त केला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी पुनर्विलोकनात न्यायालयाने तो निर्णय फिरविला.