जुन्या जीपगाडीच्या इंजिनाचा ब्लॉक केव्हां बदलावा?

बालाघाटाच्या खडकाळ वाटांवर उपयोगी पडलेली जुनी जीपगाडी अंबाजोगाईकडील एखाद्या बागाइतदाराच्या अंगणांत अद्याप जपलेली आढळते. महिंद्रांनीं १९४७ सालीं मुंबईंत अमेरिकन विलीज जीप जुळविण्यास आरंभ केला. तिच्या इंजिनास चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास तीन इंच एक सूत. हे चारही सिलिंडर व त्यांभोंवतालची पाण्याची जागा ओतीव लोखंडाच्या एकाच ठोकळ्यांत असते. तोच ब्लॉक होय.

गाडी निळा धूर सोडूं लागली, तेल पिऊं लागली, चढावर दम धरीना, कीं मिस्त्री सांगतो, "ब्लॉक गेला." हें वाक्य मापावांचून मान्य करूं नये, असें आमचें मत आहे.

झीज सर्वत्र सारखी होत नाहीं. सिलिंडरच्या वरच्या टोंकास उष्णता अधिक व तेल कमी, म्हणून तो भाग अधिक झिजतो. आणि दांडा पिस्टनास बाजूस रेटतो, म्हणून भोंक वाटोळें न राहतां अंडाकृति होतें. आमच्या काळ्या रानांतील धूळ त्यांत भर घालते. हवेच्या गाळणींतील तेल वेळेवर न बदलणारा मालक आपल्याच हातानें सिलिंडरला कानस लावतो म्हणाना!

यास्तव हेड उतरवून प्रत्येक सिलिंडरचें माप वर व खालीं, आणि दोन्ही दिशांनीं घ्यावें. फरक पांच हजारांश इंचाच्या आंत असल्यास बहुधा नव्या रिंगांवर भागतें. अधिक असल्यास बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावे. तेंही साधत नसल्यास आंत लोखंडी स्लीव्ह दाबून बसवावी. नुसता झिजलेला ब्लॉक ह्या रीतीनें पुष्कळदां वांचतो. टाकावा लागतो तो तडकलेला. ह्या इंजिनाचे व्हॉल्व्ह ब्लॉकांतच बसतात. पाणी आटून तापलेल्या इंजिनांत घाईनें थंड पाणी ओतलें, कीं व्हॉल्व्हची बैठक व सिलिंडर ह्यांमधील पातळ भिंत चिरते. दुसरा ब्लॉक विकत घेण्यापूर्वीं त्याच्या पाण्याच्या वाटा बंद करून दाबाचें पाणी भरून पाहावें. चीर असल्यास पाणी पाझरतें.

आणखी एक गोष्ट आम्हीं पैसे मोजून शिकलों. जुन्या बाजारांतून आणलेल्या ब्लॉकबरोबर बेअरिंगच्या टोप्या भलत्याच होत्या. क्रँक बसविला, बोल्ट आवळले, आणि तो हातानें फिरेना. टोप्या ब्लॉकवर आवळूनच त्यांचीं भोंकें एका सरळ रेषेंत कोरलेलीं असतात. एका ब्लॉकच्या टोप्या दुसऱ्यास चालत नाहींत. आमचा तो ब्लॉक पुन्हां लेथवाल्याकडे गेला व खर्च दुप्पट झाला.

इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवरच ठोकलेला असतो. तो बदलला कीं नोंदणीपुस्तकांतही बदल करून घ्यावा लागतो; आपल्या एमएच ४४ च्या गाड्यांकरितां तें काम अंबाजोगाईच्याच परिवहन कार्यालयांत होतें. खरेदीची पावती जपावी. जीपमध्यें डीझेलचें इंजिन बसविण्याचा मोह पुष्कळांस होतो. परंतु २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'विंटेज' म्हणून नोंद व्हावयाची, तर तिचें इंजिन व सांगाडा मूळ स्वरूपांत असावा लागतो. शिवाय अशी नोंद झालेली गाडी रोजच्या शेतकामास वापरतां येत नाहीं, म्हणून गाडी शेतावर राबवावयाची कीं प्रदर्शनास न्यावयाची, हें मालकानें ब्लॉक उतरविण्यापूर्वींच ठरवावें.