एका कॅबिनेटमध्ये दोन बिऱ्हाडे

शाळेतल्या एखाद्या संगणकाला दिवसरात्र काम असते. धड्यांच्या चित्रफिती, निकालपत्रके, प्रयोगांच्या नोंदी त्यात साठवलेल्या असतात आणि बाकीचे संगणक त्या त्याच्याकडून मागून घेतात. काम हलके, पण अखंड. दुसऱ्या एखाद्या संगणकाला दिवसातून दोन-तीन तासच काम असते, पण ते जड असते. उदाहरणार्थ, चित्रफितींचे संपादन. हे दोन्ही संगणक एकाच कॅबिनेटमध्ये बसवता येतील काय? येतात. तशी सोय असलेली कॅबिनेटे मिळतात.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन प्रणाली ठेवणे ही निराळी गोष्ट. तेथे प्रोसेसर आणि रॅम एकच असतात. आपल्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, डिस्क सारेच दोन-दोन. सामाईक असतो तो फक्त पत्रा. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे असावीत आणि चुली वेगळ्या असाव्यात, तसेच हे. एक संगणक अडून बसला तरी दुसऱ्याचे काम चालूच राहते.

जागेचा हिशेब सोपा आहे. इंटेलने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स मापाचा मदरबोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा असतो. व्हिया कंपनीने २००१ साली आणलेला मिनी-आयटीएक्स केवळ १७० × १७० मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने दोन-पंचमांशाहूनही थोडा कमी. म्हणून दुहेरी कॅबिनेटमध्ये सहसा एक जागा मोठ्या बोर्डाची आणि दुसरी मिनी-आयटीएक्सची असते. २०१८ सालचे कॉर्सेअरचे ऑब्सिडियन १०००डी हे याच घाटाचे. त्याची उंची सुमारे ७० सेंटिमीटर आणि रिकामे वजन ३० किलोच्या आसपास! टेबल तेवढे भक्कम आहे ना, हे आधी पाहावे.

खरा प्रश्न हवेचा आहे. संगणक घेतो ती जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. समजा, दोन्ही मिळून ४०० वॅट घेतात, म्हणजे सेकंदाला ४०० ज्यूल. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम आणि तिचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे १.२ ज्यूल लागतात. बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंशांनीच गरम असावी असे ठरवले, तर प्रत्येक लिटर १२ ज्यूल वाहून नेईल. ४०० भागिले १२, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ लिटर हवा पेटीतून वाहिली पाहिजे. नववीच्या वर्गात सोडवून घेण्याजोगे हे गणित आहे.

पण एवढी हवा वाहणे पुरेसे नाही. ती कोठून कोठे जाते हेही महत्त्वाचे. मे महिन्यात खोलीचे तापमान ४० अंश असेल, तर मोठ्या संगणकातून सुटलेली हवा ५० अंशांची असेल. लहान बोर्ड तिच्याच वाटेत असेल, तर तो आपले काम ५० अंशांपासून सुरू करतो. ‘गरम हवा आपोआप वर जाते’ हा येथे फारसा उपयोगी न पडणारा नियम. पंख्याच्या झोतापुढे ते अभिसरण अगदीच दुबळे ठरते. म्हणून दोन्ही बिऱ्हाडांना हवा घेण्याची आणि सोडण्याची स्वतंत्र वाट असलेले कॅबिनेट निवडावे.

आणखी एक गोम. पेटीचे सगळे पंखे मोठ्या बोर्डाला जोडलेले असतील, तर तो बंद होताच तेही थांबतात, आणि रात्रभर चालणारा लहान संगणक कोंडलेल्या हवेत राहतो. ज्याचा पंखा त्याच्याच बोर्डाला जोडावा.

विजेसाठी एकच एसएमपीएस दोघांत वाटून देणारी साधने आहेत. पण तो बिघडला की दोन्ही संगणक एकदम बंद पडतात. मग वेगळेपणाचा उपयोग काय? दोन एसएमपीएसची जागा असलेले कॅबिनेटच घ्यावे. लहान संगणकाला १२५ × १०० × ६३.५ मिलिमीटरचा एसएफएक्स पुरतो. चालू-बंद करण्याची बटणेही दोन आहेत का, ते पाहावे.

दोन एसएमपीएस आले की अर्थिंगचे महत्त्व वाढते. प्रत्येकात विजेतला गोंगाट गाळण्यासाठी लहान धारित्रे असतात आणि त्यांतून अगदी थोडा प्रवाह सतत पत्र्याकडे झिरपतो. अर्थिंग ठीक असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर २३० व्होल्टच्या निम्मा, सुमारे ११५ व्होल्ट, दाब राहतो आणि हात लावताच मुंग्या येतात. एकाच पत्र्यावर दोन एसएमपीएस म्हणजे ही गळतीही साधारण दुप्पट. बऱ्याच ठिकाणी तीन पिनांचा प्लग असतो, पण तिसऱ्या पिनेमागे तारच नसते. ती वायरमनकडून आधी तपासून घ्यावी.

जागेची अडचण नसेल, तर दोन साधी लहान कॅबिनेटे स्वस्त पडतात आणि एक दुरुस्तीला नेले तरी दुसरे जागेवर राहते. दुहेरी कॅबिनेट घ्यायचे ते खोली अरुंद असेल, किंवा दोन्ही संगणक एकाच कुलपाखाली ठेवायचे असतील तर. तसे घेतल्यास मागच्या दोन्ही केबलींना ‘मोठा’ आणि ‘लहान’ अशा चिठ्ठ्या चिकटवाव्यात, आणि झाकण उघडण्यापूर्वी दोन्ही प्लग काढावेत. एकच काढला तर अर्धी पेटी अजून चालूच असते.