शेडिंग: शब्द एक, घराणी दोन

ज्यांचं नेट पुरत नाही किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत.

आमच्या मिरजगावातल्याच नववीतल्या एका मुलीनं व्हॉइस मेसेज पाठवला होता. "दादा, चित्रकलेचे सर म्हणतात, चित्राला शेडिंग कर. घरी आजोबा म्हणतात, आज लोडशेडिंग आहे. मग लोडशेडिंगमध्ये कसली सावली?"

प्रश्न एक नंबर आहे. उत्तर असं की, लोडशेडिंगमध्ये सावली नाहीच. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. एक 'शेड' म्हणजे सावली. त्याचा उच्चार जरा लांबवतात, शेऽड. दुसरा 'शेड' म्हणजे टाकून देणं, गाळणं. तो तोडून म्हणतात. त्यांची स्पेलिंगंही वेगळी. मराठीत आल्यावर मात्र दोघांनाही एकच 'शे' मिळाला. दोन वेगळ्या घराण्यांतली माणसं एकाच आडनावानं गावात राहावीत, तसं झालंय. तर आज ही दोन घराणी वेगळी करू.

पहिलं घराणं: सावलीचं

एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसलेल्यांना वस्तुचित्राचा पेपर आठवत असेल. समोर तांब्या, फडकं, दोन फळं. बाह्यरेषा बरोबर काढली तरी तांब्या सपाट दिसतो. तो गोल दिसायला लागतो शेडिंगनं. उजेड कुठून येतोय ते आधी ठरवायचं. उजेडाकडची बाजू कोरी, मग मध्यम छटा, मग गडद. आणि इथं एक गंमत आहे: सगळ्यात गडद भाग अगदी कडेला नसतो, कडेच्या थोडा आत असतो. कारण टेबलावर पडलेला उजेड उलटून वस्तूच्या कडेवर येतो आणि ती कड जराशी उजळते. त्यानंतर टेबलावर पडते ती पडछाया. एवढं पाळलं तर साधी २बी पेन्सिलही तांब्याला पोट देते. मराठीत याला छायांकन म्हणतात, छटा देणं म्हणतात.

याच घराण्यातले बाकीचे लोक तुम्ही रोज भेटता. स्पर्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत गोल काळा करायचा, ते शेडिंग. भूगोलातला क्षेत्रघनी नकाशा, म्हणजे जिथं लोकसंख्या दाट तिथं रंग गडद, तेही शेडिंग. रोपवाटिकेवरचं शेडनेट इथलंच. त्याच्यावर ५० टक्के, ७५ टक्के लिहिलेलं असतं, ते किती ऊन अडवणार याचं माप. ५० टक्क्यांचं नेट साधारण निम्मं ऊन अडवतं. ७५ चं नेट जास्त 'चांगलं' असं काही नसतं, ते फक्त जास्त अंधार करतं. रोपाला किती ऊन लागतं ते बघून नेट घ्यायचं.

आणि रीलमध्ये ऐकता ते 'शेड फेकणं'? तेही सावलीवालंच. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी-ट्रान्सजेंडर लोकांच्या बॉलरूम संस्कृतीतून ते पुढं आलं आणि १९९० च्या 'पॅरिस इज बर्निंग' या माहितीपटामुळे बाहेर माहीत झालं. अर्थ काय, तर शिवी न देता समोरच्याला लागेल असं बोलणं. आपल्याकडे याला शालजोडीतला म्हणतात. जोडा तोच, पण शालीत गुंडाळलेला.

काळविटाचं उलटं शेडिंग

सावलीच्या घराण्यातला सगळ्यात भारी माणूस आपल्याच कर्जत तालुक्यात आहे. माणूस म्हणजे काळवीट. रेहेकुरीचं अभयारण्य १९८० साली झालं, क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. तिथं गेलात तर माद्या नीट बघा. पाठ बदामी, पोट पांढरं. असं का?

ऊन वरून पडतं. म्हणजे पाठ उजळ दिसणार, पोटाखाली सावली येणार. आत्ताच पाहिलं की वस्तू गोल दिसते ती याच फरकामुळे. आता पाठच गडद आणि पोटच पांढरं केलं, तर उन्हानं आणि रंगानं एकमेकांना खाल्लं. प्राणी सपाट दिसतो, गवतात मिसळतो, शिकाऱ्याच्या नजरेला पटकन लागत नाही. चित्रकार करतो त्याच्या बरोबर उलटं. याला काउंटरशेडिंग म्हणतात, आणि ते १८९६ मध्ये जगापुढं नीट मांडणारा अ‍ॅबट थेयर हा अमेरिकन गृहस्थ मुळात चित्रकारच होता. (मोठ्या नराची काळी पाठ मात्र लपण्यापेक्षा मिरवण्याच्या जास्त कामाची, हेही खरं.)

दुसरं घराणं: टाकून देण्याचं

काळविटापाशीच थांबू, कारण दुसरं घराणं इथूनच सुरू होतं. चितळ, सांबर दरवर्षी शिंगं गाळतात आणि त्यांना नवी फुटतात. काळवीट हरणासारखं दिसत असलं तरी त्याची शिंगं आयुष्यभर तीच. हे जे 'गाळणं', ते दुसरं शेडिंग. साप कात टाकतो, झाडाची पानगळ होते, उन्हाळ्यात कुत्र्याचे केस गळतात. मराठीत प्रत्येकाला आपला वेगळा शब्द आहे, इंग्रजी सगळीकडे एकच 'शेड' वापरते.

या शब्दाचा जुना अर्थ 'वेगळं करणं' असा होता. तो 'वॉटरशेड'मध्ये अजून शिल्लक आहे. राळेगणसिद्धी, हिवरे बाजारमुळे हा शब्द आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना पाठ आहे. मूळ अर्थ पाणी वेगळं करणारी रेषा, म्हणजे जलविभाजक. नगर जिल्ह्याच्या उत्तरेचं पाणी गोदावरीकडे जातं, आपल्या बाजूचं सीनेतून भीमेला. मधल्या उंचवट्यावर पडलेला पाऊस तिथं वाटून जातो. पुढे त्या रेषेच्या आतल्या सगळ्या जमिनीलाच वॉटरशेड, म्हणजे पाणलोट, म्हणायला लागले.

मग कोंबड्यांची शेड, पत्र्याची शेड कुठली? स्पेलिंग दुसऱ्या घराण्याचं, पण ती बहुधा सावलीच्या शब्दावरूनच आली असावी, असं शब्दांचा इतिहास लिहिणारे मानतात. जन्म एका घरात, आडनाव दुसऱ्याचं.

आता लोडशेडिंग

लोड म्हणजे भार, शेडिंग म्हणजे टाकून देणं. भार कुठून टाकायचा? ग्रिडवरून. आपल्या देशाचं ग्रिड ५० हर्ट्‌झला चालतं. जेवढी वीज वापरतोय तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढी नसली, की जनित्रं दमतात, फ्रीक्वेन्सी उतरते. फार उतरली तर केंद्रं स्वतःला वाचवायला एकामागोमाग एक बंद पडतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला ग्रिड असंच कोसळलं. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत मिळून साठ कोटींहून जास्त लोकांच्या भागात अंधार झाला. महाराष्ट्र पश्चिम ग्रिडमध्ये असल्यानं वाचला.

म्हणून बुडायला लागलेल्या नावेतून पोती पाण्यात टाकतात, तसे काही फीडर मुद्दाम बंद करतात. ते लोडशेडिंग. तांत्रिकदृष्ट्या गरजेचं. पण खरा प्रश्न पुढंच आहे: पोतं कुणाचं टाकायचं?

२०१२ च्या आधीची काही वर्षं ज्यांना आठवतात, त्यांना हे सांगायला नको. महावितरणनं फीडरचे ए ते जी असे गट पाडले होते. ज्या फीडरवर गळती जास्त आणि वसुली कमी, तो खालच्या गटात, आणि त्याला जास्त तास अंधार. हिशेब म्हणून ठीक वाटेल. पण गट फीडरचा होता, माणसाचा नाही. वेळेवर बिल भरणाराही आकडा टाकणाऱ्या शेजाऱ्याबरोबर अंधारातच बसायचा.

सरकारी मराठीत याला 'भारनियमन' म्हणतात. शब्द शुद्ध आहे, पण त्यात 'टाकणं' गायब झालं. नियमन म्हटलं की वाटतं, सगळ्यांना सारखा नियम लावलाय. लोडशेडिंग म्हटलं की निदान विचारता येतं, टाकलं कोण आणि टाकलं कुणाला.

फरक कळून उपयोग काय?

लाईट गेली की आपण सरसकट 'लोडशेडिंग' म्हणतो. तिथंच आपली तक्रार ढिली पडते. तार तुटली, डीपी जळाली, तर तो बिघाड आहे. १९१२ वर फोन करून तसंच सांगायचं आणि तक्रार क्रमांक घ्यायचा. वीज कमी म्हणून फीडर बंद केला, तर ते लोडशेडिंग, वेळापत्रक मागायचं. आणि शेतीपंपाला थ्री फेज आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळते, ते यातलं काहीच नाही. तो रोजच्या पुरवठ्याचा ठरवून दिलेला क्रम आहे. रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला जाणं, साप आणि बिबट्याची भीती, हे त्याचं दुसरं टोक. म्हणून दिवसा विजेची मागणी ही वेगळी मागणी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये, तो याच मागणीसाठी. आपल्या फीडरला ती लागू झाली का, हे नेमक्या शब्दांत विचारलं तरच नेमकं उत्तर मिळतं.

तर ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: सर सांगतात ती सावली, आजोबा सांगतात ते टाकून देणं. वहीत दोन्ही 'शेडिंग'च लिही, फक्त घराणं ओळखून ठेव.

तुमच्याकडे असे एका स्पेलिंगचे दोन शब्द असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा. त्यातला एक पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत फोन चार्ज करून ठेवा, लाईटचं काही सांगता येत नाही!